शाळेच्या फाटकापर्यंत गाडी कशाला?

शाळा भरताना आणि सुटताना फाटकासमोर जी कोंडी होते, ती बाहेरच्या वाहतुकीने फारशी होत नाही. त्या पंधरा-वीस मिनिटांत तिथे अडकलेल्या गाड्यांपैकी बऱ्याचशा त्याच शाळेतल्या मुलांना सोडायला किंवा न्यायला आलेल्या असतात. पालकांना घाई असते, घर लांब असतं, कामावर वेळेत पोचायचं असतं, हे सगळं खरं. पण या रस्त्याने मुलाला एकटं पाठवायचा धीर होत नाही, हे कारण बहुतेक घरांत ऐकू येतं. एकाने गाडी काढली की रस्ता आणखी भरतो, तो भरलेला रस्ता पाहून शेजारच्या घरातूनही गाडी निघते, आणि तरीही चालत येणारी जी मुलं उरतात त्यांच्या वाट्याला कालच्यापेक्षा वाईट रस्ता येतो. यात एकाही पालकाचं वागणं अविचारी नाही. प्रत्येक जण आपल्या मुलापुरता शहाणपणाने वागतो आणि सगळे मिळून सगळ्यांच्या मुलांना धोक्यात आणतात.

म्हणूनच पालकांना शिस्तीचे धडे देऊन हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. शाळेच्या त्या दोन वेळांत फाटकासमोरचा रस्ता गाड्यांना बंद असावा. भोवतालच्या रस्त्यांची बांधणीच अशी असावी की तिथे ताशी 30 किलोमीटरच्या वर वेग घेणं चालकाला जमूच नये. आणि हे करण्याची जबाबदारी रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची असावी, दप्तर घेऊन चालणाऱ्या मुलाची नसावी.

मुलं रस्त्यावरून किती झपाट्याने नाहीशी होतात याची नोंद इंग्लंडमध्ये झालेली आहे. 1971 साली तिथली सात-आठ वर्षांची सुमारे 80 टक्के मुलं मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात. 1990 मध्ये संशोधक मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा ती 9 टक्क्यांवर आली होती. अमेरिकेत 1969 मध्ये जवळपास निम्मी शाळकरी मुलं चालत किंवा सायकलने शाळेत जायची; 2009 पर्यंत ती जेमतेम 13 टक्के उरली. ब्रिटनमध्ये 1971 ते 1990 या काळात रस्त्यावरच्या बालमृत्यूंचा आकडा खाली आला होता आणि तो सुरक्षित रस्त्यांचा पुरावा म्हणून दाखवला जात होता. हिलमन यांनी त्यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की रस्ते सुधारल्यामुळे मृत्यू घटलेले नाहीत, मुलांना रस्त्यावरून काढून घेतल्यामुळे घटले आहेत. आकडा चांगला दिसतो, पण त्याची किंमत मुलांनी आपलं मोकळं फिरणं गमावून मोजलेली असते. आणि जगभरचा आकडा तर चांगलाही दिसत नाही. रस्त्यांवर दरवर्षी सुमारे 11 लाख 90 हजार माणसं मरतात, आणि 5 ते 29 वर्षं या वयोगटात रस्ते अपघात हेच मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता वेगाकडे येतो. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

ताशी 50 किलोमीटर हा अनेकांना शहरातला बेताचा वेग वाटतो. जरा हिशोब करून पाहू. समोर मूल आलेलं दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. 30 च्या वेगात गाडी त्या एका सेकंदात आठ-साडेआठ मीटर जाते, मग ब्रेक लागून आणखी पाचेक मीटरवर थांबते. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील तर सगळे मिळून तेरा-साडेतेरा मीटर. 50 च्या वेगात पहिल्या एका सेकंदातच गाडी जवळजवळ चौदा मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे ज्या जागी 30 ची गाडी पूर्ण थांबून उभी आहे, त्या जागी 50 च्या गाडीचा ब्रेक अजून लागायचाच आहे. तिथे मूल असेल तर त्याला पूर्ण 50 च्या वेगाची धडक बसते, आणि त्या धडकेतली ऊर्जा 30 च्या धडकेपेक्षा पावणेतीन पटींनी जास्त असते. चालक दोन्हीकडे तोच, नजरही तेवढीच सावध. फक्त वेग बदलला.

या बदल्यात चालकाला काय मिळतं? शाळेच्या आसपासचा रस्ता तीनशे मीटरचा धरला, तर तो 30 ने पार करायला 36 सेकंद लागतात आणि 50 ने सुमारे 22. चौदा सेकंदांचा फरक. पुढच्या चौकातला लाल दिवा तेवढे सेकंद सहज परत घेतो.

आणि मुलाच्या बाजूने पाहिलं तर चित्र अजून अवघड होतं. सहा-सात वर्षांच्या मुलाची उंची साधारण एकशे पंधरा-वीस सेंटिमीटर. रस्त्याच्या कडेला गाडी उभी असेल तर त्याला पलीकडचं दिसत नाही आणि चालकाला ते मूल दिसत नाही. अलीकडच्या उंच बोनेटच्या गाड्यांनी यात भरच घातली आहे. दिसलं तरी अंदाज चुकतो. लंडनच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवून दिलं, की ताशी सुमारे 32 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येणारी गाडी आपल्या दिशेने जवळ येते आहे हे प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना भरवशाने ओळखता येत नाही. मोठ्यांना येतं. हा वयाचा प्रश्न आहे, हुशारीचा किंवा आज्ञाधारकपणाचा नाही. उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा हे मुलांना जरूर शिकवावं. पण शिकवून सात वर्षांच्या डोळ्यांना पंचविशीची नजर देता येत नाही. एक क्षण मूल चुकणारच, चेंडूमागे किंवा मित्राच्या हाकेला धावणारच. त्या एका क्षणाची शिक्षा मृत्यू असू नये, एवढी व्यवस्था मोठ्यांनी करायची असते.

हे साधलेले देश आहेत, आणि ते मुळात काही वेगळ्या स्वभावाची माणसं होती म्हणून त्यांना साधलं असं नाही. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. सायकलींचा म्हणून आज ओळखला जाणारा हा देश त्या काळी इतरांसारखाच मोटारींसाठी रस्ते रुंद करत सुटला होता. अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने लेख लिहिला आणि त्यातून ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा थेट नावाची चळवळ उभी राहिली. पालक रस्त्यावर बसले, मुलांना खेळता यावं म्हणून त्यांनी रस्ते अडवले, आणि वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागले. वस्त्यांमधले रस्ते हळूहळू बदलले: अरुंद केले, वळणं दिली, मधून जाणारी वाहतूक तोडली. आता तिथे वर्षाला होणारे रस्ते अपघातांतले मृत्यू सातशेच्या आसपास असतात, आणि गाड्या मात्र तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहेत. फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीमध्ये, जुलै 2024 पासूनच्या पूर्ण बारा महिन्यांत रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. तिथल्या निम्म्याहून अधिक रस्त्यांवर वेगाची मर्यादा 30 आहे.

शाळेच्या वेळेत रस्ता बंद ठेवण्याची कल्पनाही जुनी आणि पारखलेली आहे. इटलीतल्या बोल्झानो शहराने 1989 मध्येच ती सुरू केली. शाळा भरताना आणि सुटताना थोडा वेळ फाटकासमोरच्या तुकड्यावर आडवी फळी लागते. त्या वेळात गाडी आत येत नाही. लंडनमध्ये 2017 नंतर ही पद्धत पसरली आणि आता तिथे अशा पाचशेहून अधिक शाळा-गल्ल्या आहेत. काही ठिकाणी स्वयंसेवक अडथळा लावतात, काही ठिकाणी कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि दंडाची नोटीस घरी जाते. पॅरिसने पुढची पायरी गाठली: दोनशेहून अधिक शाळांसमोरचे रस्ते कायमचे बंद केले आणि त्यांतल्या अनेक ठिकाणी डांबर उखडून झाडं लावली.

फळी लागली म्हणजे गाड्या शेजारच्या गल्लीत जाणार आणि तिथली माणसं वैतागणार, हा आक्षेप प्रत्येक सभेत येतो. तो रास्त आहे आणि त्याचं उत्तर मोजूनच द्यायला हवं. एडिंबरा नेपियर विद्यापीठाने 2020 मध्ये वेगवेगळ्या ठिकाणच्या अशा प्रयोगांचे अहवाल एकत्र तपासले. काही गाड्या आजूबाजूला सरकल्या, पण त्यातून सुरक्षिततेचा मोठा प्रश्न उभा राहिल्याचं आढळलं नाही; आणि जवळजवळ सगळीकडे बंद रस्ता व शेजारचे रस्ते मिळून गाड्यांची एकूण संख्याच घटली. याचं कारण समजायला कठीण नाही. फाटकापर्यंत नेता येणार नसेल, तर जवळ राहणारे काही पालक गाडी काढतच नाहीत. लंडनमधल्या मोजणीत सकाळच्या वेळी या गल्ल्यांमधलं नायट्रोजन डायऑक्साइडचं प्रमाण 23 टक्क्यांपर्यंत कमी झालेलंही दिसलं. इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांचा धूर मोठ्यांपेक्षा मुलांच्या नाकाच्या जास्त जवळ निघतो, हे लक्षात घेतलं तर हा फायदा लहान नाही.

रस्ता रुंद करा, पार्किंग वाढवा, ही मागणी मात्र मला पूर्णपणे चुकीची वाटते. समजा एखाद्या शाळेत सहाशे मुलं आहेत आणि त्यांतली दोनशे मोटारीने येतात. एका मोटारीला उभं राहायला कडेची सहा मीटर जागा लागते. दोनशे मोटारी एकामागे एक लावल्या तर बाराशे मीटरची रांग होईल. शाळेसमोर शंभर मीटर कड मोकळी आहे आणि प्रत्येक गाडी दोन मिनिटांतच निघते असं उदारपणे धरलं, तरी वीस मिनिटांत जेमतेम एकशे साठ गाड्या होतील. उरलेल्या चाळीस दुहेरी रांगेत, झेब्रा क्रॉसिंगवर किंवा वळणावर उभ्या राहणार. आणखी शंभर मीटर कड दिली तर आणखी पालक गाडी घेऊन येतील, कारण आता जागा मिळते. त्याउलट तीच दोनशे मुलं दोन-अडीच मीटरच्या धड फुटपाथवरून काही मिनिटांत निवांत आत जातात, आणि पाच बसमध्येही मावतात. कोंडीवरचा खरा उपाय गाड्यांना जागा देण्यात नाही, गाडीची गरज कमी करण्यात आहे.

नोकरी करणाऱ्या पालकांचं काय, हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. सकाळच्या त्या धावपळीत दहा मिनिटंही मोठी असतात. म्हणूनच फळीबरोबर तीनशे-चारशे मीटरवर उतरण्याची ठरलेली जागा असायलाच हवी. तिथे गाडी दोन मिनिटं थांबेल, मूल फुटपाथच्या बाजूने उतरेल, आणि तिथून फाटकापर्यंतच्या वाटेवर रस्ता ओलांडावा लागलाच तर तिथे माणूस उभा असेल. पाच मिनिटं चालणं होतं. फाटकासमोरच्या कोंडीत अडकून, मग गाडी मागे घेत घेत बाहेर निघायला यापेक्षा जास्त वेळ जातो. आणि मुलांची गर्दी असलेल्या जागी गाडी मागे घेणं ही इतकी धोक्याची गोष्ट आहे की तिला तिथे पूर्ण मनाई असावी. अपंग मुलाची गाडी, रुग्णवाहिका आणि त्या गल्लीत राहणारे लोक यांना फळीतून सूट हवी. ती बहुतेक ठिकाणी दिली जाते आणि त्याने योजना कोलमडत नाही.

लांबून येणाऱ्यांसाठी शाळेची बस हाच उपाय. फक्त बसचा थांबा शाळेच्या बाजूलाच असावा, मुलांना रस्ता ओलांडून चढायला-उतरायला लावू नये.

शाळेचं फाटक मोठ्या रस्त्यावर असेल तर तो रस्ता बंद करता येत नाही. अशा वेळी बहुतेकांना न सुचणारी गोष्ट म्हणजे फाटकच हलवणं. अनेक शाळांना मागच्या किंवा बाजूच्या गल्लीत एक लहान दरवाजा असतो, तो वर्षानुवर्षं कुलूपबंद असतो. तोच मुलांसाठी उघडला आणि ती गल्ली बंद ठेवली, तर निम्मा प्रश्न एका कुलपात सुटतो. लहान आणि मोठ्या वर्गांच्या सुटण्याच्या वेळांत पंधरा मिनिटांचं अंतर ठेवलं तरी गर्दी विभागते. दरवाजा उघडायला आणि वेळा बदलायला मुख्याध्यापकांना सहसा बाहेरच्या कुणाच्या परवानगीची वाट पाहायची गरज नसते.

रस्त्याच्या बांधणीत करायच्या गोष्टींपैकी मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती स्वस्तातली एक. क्रॉसिंगच्या आणि कोपऱ्याच्या अलीकडे काही मीटरपर्यंत गाडी उभी करायला जागाच ठेवायची नाही. खांब, कुंड्या किंवा सायकलींचे स्टँड लावून ती अडवायची, म्हणजे मूल आणि चालक एकमेकांना दिसतात. अमेरिकेतल्या होबोकेन या साठ हजार वस्तीच्या शहराने हे कोपऱ्याकोपऱ्यावर केलं, सोबत वेगमर्यादा आणि चौकही सुधारले, आणि 2017 पासून पुढची सात वर्षं तिथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला उचलून घेणं आणि कोपऱ्याची वळणं आवळणं ही कामंही तितकीच उपयोगाची. नुसती पाटी लावून वेग कमी होत नाही. पाटी वाचणारा चालक पहिल्या आठवड्यातच ती पाहायची सोडतो, उंचवटा मात्र त्याला रोज जाणवतो.

चालत येणाऱ्या मुलांचे गट उभे करणं हे पालकांच्या हातातलं काम. ऑस्ट्रेलियात डेव्हिड एंग्विख्ट यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पायी बसची कल्पना मांडली: ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी एक-दोन मोठी माणसं निघतात आणि थांब्याथांब्यावर मुलं त्यांच्यात सामील होतात. दहा घरांतून एक पालक रोज चालला की बाकीचे नऊ मोकळे. जपानमध्ये तर प्राथमिक शाळेतली मुलं गटाने चालत जाणं ही पिढ्यान्पिढ्यांची रीत आहे, गटाच्या पुढे वरच्या वर्गातलं मूल असतं. पण त्याच जपानमध्ये, चिबा प्रांतातल्या याचिमाता शहरात, जून 2021 मध्ये शाळेतून रांगेत घरी चाललेल्या पाच मुलांवर एक ट्रक गेला. दोन मुलं गेली. मुलांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं. चालक दारू प्यायलेला होता आणि त्या रस्त्याला फुटपाथ नव्हता. त्यानंतर सरकारने देशभरातल्या शाळेच्या वाटा तपासल्या आणि सुमारे 76 हजार धोक्याच्या जागा नोंदवल्या. त्या रस्त्याला आधीच फुटपाथ मिळाला असता तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही. रांग कितीही शिस्तीची असली, तरी तिच्या आणि ट्रकच्या मधे दगडाची एक कड लागतेच.

अशी तपासणी करताना मुलांना विचारावं, हे ऑस्लोकडून घेण्यासारखं आहे. तिथे मुलांच्या हातात एक अ‍ॅप दिलं गेलं. शाळेच्या वाटेवर कुठे भीती वाटते, कुठे झुडपामुळे दिसत नाही, कुठे गाड्या जोरात येतात हे ती स्वतः कळवत. नकाशावर काम करणाऱ्या अभियंत्याला हे कधीच दिसलं नसतं. मोठी माणसं कोंडी कुठे आहे ते सांगतात. भीती कुठे आहे ते मुलंच सांगू शकतात.

यातलं बहुतेक काम अडतं ते पैशांपाशी नाही. शाळा म्हणते रस्ता आमचा नाही, नगरपालिका म्हणते वाहतूक पोलिसांकडे जा, पोलीस म्हणतात पालकांना सांगा. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं तथ्य असल्यामुळे वर्षं निघून जातात. म्हणून प्रत्येक शाळेच्या भोवतालच्या पाचशे मीटरसाठी नगरपालिकेतल्या एका अधिकाऱ्याचं नाव ठरलेलं असावं, ते फाटकावर लिहिलेलं असावं. नव्या शाळेला परवानगी देताना इमारतीच्या नकाशाबरोबर मुलं चालत कुठून येतील याचा नकाशाही मागावा. जमीन स्वस्त म्हणून महामार्गाच्या कडेला शाळा उभी राहिली की नंतरचे सगळे उपाय ठिगळं ठरतात.

सुरुवात एका शाळेपासून आणि एका सत्रापुरती करता येते. आधी आठवडाभर फाटकासमोर उभं राहून मोजावं: गाड्या किती आल्या, किती वेगाने गेल्या, मुलं कशाने आली. मग हलवता येणारे अडथळे लावून सत्रभर रस्ता बंद ठेवावा, शेजारच्या गल्ल्यांतही तीच मोजणी करावी, आणि दोन्ही आकडे सगळ्यांना दिसतील असे लावावेत. कोंडी किती घटली हे पाहायला सगळेच उत्सुक असतील. पण चालत आणि सायकलने येणारी मुलं किती वाढली, हा आकडा मी आधी पाहीन. फाटकासमोरचा रस्ता मोकळा झाला आणि चालणारी मुलं होती तेवढीच राहिली, तर त्यांच्या घरापासूनच्या वाटेवर कुठेतरी अजून भीतीची जागा शिल्लक आहे, आणि पुढचं काम तिथे करायचं आहे.